बॅटरी कुठे जाते आणि बुद्धी कुठे लावावी

30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी पाऊस कोसळत होता, तिन्ही ठिकाणी डोंगर खाली आला आणि वस्ती त्याखाली गेली. डोंगर सुटण्याआधी बऱ्याचदा जमिनीच्या पोटात पाण्याचा दाब वाढतो, मातीचा थर किंचित कलतो. हे मोजता येतं. उतारावर खोल भोक घेऊन दाबमापक उतरवायचे, कल मोजणारे सेन्सर बसवायचे, प्रत्येकाला छोटा रेडिओ आणि बॅटरी द्यायची (असा एक संच म्हणजे नोड), आणि एका नोडकडून दुसऱ्या नोडकडे असा निरोप पायथ्याच्या बेस स्टेशनपर्यंत आणायचा. याला वायरलेस सेन्सर नेटवर्क म्हणतात. केरळात मुन्नारजवळच्या अँथोनिअर कॉलनीत 2005 मध्ये दरड कोसळली होती. तिथल्या उतारावर अमृता विद्यापीठानं असं नेटवर्क उभारलं आणि 2009 च्या पावसाळ्यात त्याच्या आधारे लोकांना इशाराही दिला.

सगळं अडतं बॅटरीपाशी. उतारावर वीज नाही, आणि पावसाळ्यात कुणी वर चढून सेल बदलू शकत नाही. त्यामुळे निरोप कोणत्या नोडकडून कोणत्या नोडकडे न्यावा, म्हणजेच राउटिंग कसं करावं, यावर गेली पंचवीस वर्षं संशोधन चाललं आहे. अलीकडे त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला आहे. त्यावर अभ्यासकांचं आणि प्रत्यक्ष यंत्रं बसवणाऱ्यांचं मत सारखं नाही. दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून इथे दोघांना बोलतं केलं आहे. भाची अभियांत्रिकीत याच विषयावर पीएच.डी. करते. मामांनी नोकरीची सगळी वर्षं धरणांच्या पाणलोटात पर्जन्यमापक आणि पाणीपातळीची यंत्रं बसवण्यात घालवली.

भाची : मामा, आधी एका गोष्टीवर आपलं एकमत आहे का ते बघू. वाट एकदाच ठरवून दिली आणि तीच कायम ठेवली, तर नेटवर्क लवकर मरतं. बेस स्टेशनजवळच्या दोन-चार नोडांवर वरच्या सगळ्यांचा भार येतो. स्वतःचा निरोप पाठवायचा आणि वरून आलेले सगळेही पुढे ढकलायचे. मग ते आधी बंद पडतात. वरच्या नोडांच्या बॅटऱ्या भरलेल्या असतात, सेन्सर नीट मोजत असतात, पण त्यांचं ऐकायला खाली कुणी उरत नाही.

मामा : मान्य. पण हे काही तुमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं शोधलेलं नाही.

भाची : नाही. भार वाटून घ्यायचा विचार जुनाच आहे. 2000 साली एमआयटीच्या वेंडी हाइन्झलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ ही पद्धत मांडली. नोडांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक प्रमुख. गटातले सगळे आपली मोजमापं प्रमुखाला देतात, तो ती एकत्र करून बेस स्टेशनला पाठवतो. प्रमुखाची बॅटरी जास्त खर्च होते, म्हणून प्रमुखपद दर फेरीत फिरतं ठेवायचं. त्यांच्या हिशेबात एकूण नोडांपैकी सुमारे 5 टक्के प्रमुख असले की ऊर्जा सर्वांत कमी लागत होती.

मामा : मग एवढं साधं आणि चांगलं असताना आणखी काय हवं?

भाची : ते सपाट मैदानावर साधं आहे. मूळ पद्धतीत प्रमुखाची निवड निव्वळ संधीवर सोडलेली आहे, कुणाच्या बॅटरीत किती शिल्लक आहे हे ती पाहतच नाही. शिवाय प्रत्येक नोड थेट बेस स्टेशनपर्यंत पोचू शकतो असं ती गृहीत धरते. सह्याद्रीत मध्ये डोंगराची एक सोंड आली की ते गृहीतक संपलं. म्हणून मी म्हणते, नोडांना परिस्थिती बघून शिकू दे.

मामा : शिकवण्याआधी बॅटरी कुठे खर्च होते ते बघ. टेलोस नावाचा नोड तुमच्या प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेला. त्यावर सीसी 2420 हा रेडिओ. निरोप पाठवताना तो 17.4 मिलिअँपिअर घेतो आणि ऐकताना 18.8. म्हणजे ऐकणं बोलण्याहून महाग. कुणीतरी येईल म्हणून रात्रभर दारात उभं राहावं, तसा हा रेडिओ काही येत नसतानाही पूर्ण ताकदीनं ऐकत राहतो. दोन पेन्सिल सेलांची क्षमता 2500 मिलिअँपिअर-तास धर. रेडिओ सतत चालू ठेवला तर 20 मिलिअँपिअरच्या हिशेबानं 125 तास. पाच दिवसांत खेळ खलास. मग तू वाट कितीही हुशारीनं निवडलेली असू दे.

भाची : पण रेडिओ कुणी सतत चालू ठेवत नाही.

मामा : तेच सांगतोय. शंभरातला एकच क्षण जागा ठेवला तर तीच बॅटरी वर्षभराहून जास्त पुरते. स्वित्झर्लंडमध्ये मॅटरहॉर्नच्या कड्यावर, बर्फात, 2008 पासून सेन्सर बसवले गेले. तिथे ‘डोझर’ नावाची पद्धत वापरली. कोणी कधी जागं व्हायचं हे पालक नोड आणि त्याची पिल्लं आधीच ठरवून घेतात आणि बाकी वेळ झोपतात. रेडिओ जागा राहण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली. यात शिकणारं काही नाही, चोख वेळापत्रक आहे. बॅटरी वाचली ती झोपेनं. वाटेनं नव्हे.

भाची : झोपेचं महत्त्व मला मान्य आहे, पण त्यातच माझा मुद्दा आहे. सगळ्या नेटवर्कांत एवढं चोख वेळापत्रक पाळलं जात नाही. बऱ्याच पद्धतींत शेजारी झोपलेला असतो आणि पाठवणाऱ्याला तो जागा होईपर्यंत हाका मारत राहावं लागतं. म्हणजे नेटवर्क जितकं झोपाळू, तितका एकेक निरोप महाग. आता एका वाटेवर निरोप पहिल्या खेपेला पोचतो आणि दुसऱ्या वाटेवर पाच वेळा पाठवावा लागतो. झोपाळू नेटवर्कमध्ये हा फरक किरकोळ राहतो का?

मामा : नाही राहत. पण कोणती वाट किती खेपा घेते हे मोजायला साधा आकडा पुरतो. 2009 साली ‘कलेक्शन ट्री’ पद्धतीवरचा पेपर आला, तिनं तेच केलं. प्रत्येक दुव्यावर सरासरी किती खेपा लागतात ते मोजायचं आणि ज्या वाटेची बेरीज कमी ती घ्यायची. वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्यांत 90 टक्क्यांहून जास्त निरोप पोचले.

भाची : आणि मी जे शिकणं म्हणते ते याच्या शेजारचंच आहे. तुला वाटतं मी नोडमध्ये मोठा मेंदू कोंबणार. तसं नाही. 1994 साली जस्टिन बॉयन आणि मायकेल लिटमन यांनी ‘क्यू-राउटिंग’ मांडलं. त्यांनी वेळ मोजला होता, मी त्या जागी ऊर्जा धरते. समज, नोड 7 ला दोन शेजारी आहेत, 4 आणि 9. त्याच्या तक्त्यात लिहिलंय की 4 मार्गे खाली पोचायचा खर्च 12, 9 मार्गे 15. म्हणून तो निरोप 4 ला देतो. पण तो दोनदा पाठवावा लागला, खर्च झाला 6. पोच देताना 4 नं कळवलं, ‘माझ्यापासून पुढचा अंदाज 10.’ म्हणजे खरा खर्च 16 निघाला. 7 आपला जुना 12 आणि नवा 16 यांच्या मधोमध येतो आणि लिहितो 14. पुढच्या वेळी असंच झालं तर 15, त्यापुढे 15.5. आता 9 ची वाट स्वस्त ठरली. एक बेरीज, एक वजाबाकी, एक गुणाकार, शेजाऱ्यामागे दोन-चार बाइट. टेलोसमध्ये 10 किलोबाइट रॅम असते, त्यात हे आरामात बसतं. आणि 4 ची बॅटरी उतरू लागली की तो आपला आकडा चढवून सांगेल, भार आपोआप दुसरीकडे वळेल.

मामा : पटतं. पण 9 चा तो 15 कधीचा आहे? महिनाभर त्या वाटेनं काही गेलेलंच नसेल तर आकडा शिळा झाला. ताजा आकडा हवा तर मधूनमधून मुद्दाम महाग वाटेनं पाठवून बघावं लागेल, आणि त्या प्रत्येक चाचणीचे पैसे बॅटरीतून जाणार. शिवाय तू मे महिन्यात शिकवलंस आणि जूनमध्ये पाऊस लागला. पंधरा दिवसांत गवत कमरेएवढं होतं, झाडोरा माजतो, नोडांसमोर धबधबे सुरू होतात. मे महिन्याचं शहाणपण जुलैत कुठे टिकतं?

भाची : म्हणून तर न थांबता शिकणारं हवं. आणि जुन्या अनुभवाचे ठोकताळे तरी कुठे टिकतात? नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोड लावले होते, करपा रोगाचा अंदाज यावा म्हणून. पाल्यामुळे रेडिओचा पल्ला घटतो हे त्यांना दिसलं, ते अपेक्षितच होतं. पण पाऊस पडताना आणि रात्री, हवा दमट असताना, निरोप उलट जास्त चांगले पोचत होते. पावसात रेडिओ मंदावणार असं आपण सगळेच डोळे मिटून म्हणालो असतो. मोजून शिकणाऱ्या नोडला असा पूर्वग्रह नसतो.

मामा : त्याच बटाट्याच्या शेताचा पुढचा भागही सांग. पूर्ण हंगामात जेवढी माहिती मिळायला हवी होती, तिच्यापैकी सुमारे 2 टक्केच हाती आली. राउटिंगमध्ये हुशारी कमी पडली म्हणून नव्हे. प्रोग्रामचे भाग एकमेकांशी जुळले नाहीत, बॅटऱ्या अपेक्षेच्या किती तरी आधी संपल्या. त्या लोकांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून छापलं, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो. मी आयुष्यभर हेच पाहिलंय. केबल ग्लँड अर्धा आटा ढिली राहिली की डब्यात पाणी. सिलिका जेलची पुडी बदलायची राहिली की सर्किट बोर्डवर हिरवा कळंक. अँटेनाच्या कनेक्टरला गंज. डब्यात मुंग्या. यातलं काहीच तुमच्या सिम्युलेशनमध्ये नसतं.

भाची : सिम्युलेशनवरची टीका मला झोंबते, कारण ती खरी आहे. आमच्या क्षेत्रात शेकडो पेपर असे आहेत की 100 मीटर बाय 100 मीटरचं सपाट मैदान, त्यात 100 नोड, आणि लीचच्या पेपरमधलंच ऊर्जेचं सूत्र. एका बिटमागे यंत्रणेचा खर्च 50 नॅनोज्यूल आणि पुढे अंतराच्या वर्गानुसार वाढणारा खर्च. मग कुणी त्यावर मुंग्यांच्या वागण्यावरून सुचलेली पद्धत लावतो, कुणी पक्ष्यांच्या थव्यावरची, कुणी न्यूरल नेटवर्क, आणि आलेख दाखवतो की आमचं नेटवर्क लीचपेक्षा जास्त फेऱ्या जगलं.

मामा : त्या सूत्रात रिकामं ऐकण्याचा खर्च कुठे आहे?

भाची : बहुतेक ठिकाणी नाही. आणि अंतराचा भागही खऱ्या रेडिओशी जुळत नाही. सीसी 2420 ची ताकद कमीत कमी केली तरी तो 8.5 मिलिअँपिअर घेतो, जास्तीत जास्त केली तर 17.4. म्हणजे फरक जेमतेम दुपटीचा. सूत्र मात्र सांगतं की अंतर दसपट झालं तर पुढचा खर्च शंभरपट. अशा सूत्रावर शिकवलेलं यंत्र जवळच्या उड्या मारत निरोप नेण्यात पटाईत होतं, कारण सूत्रात तेच स्वस्त. खऱ्या उतारावर प्रत्येक जादा उडी म्हणजे आणखी एक नोड जागा करणं.

मामा : आपल्या आयआयटी मुंबईच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी 2008 मध्येच या क्षेत्रावर परखड टीकालेख लिहिला होता. आधी काम काय आहे ते बघा, मग पद्धत शोधा, असा त्याचा रोख. त्यांचंच रेल्वेपुलांचं काम बघ. पुलावरचे सेन्सर एरवी झोपलेले. येणाऱ्या गाडीची चाहूल लागली की जागे होतात, पुलाची थरथर मोजतात, आणि ती माहिती पुढच्या गाडीच्या हाती देतात. माहिती न्यायला गाडीच आहे म्हटल्यावर लांबलचक वाट हवीच कशाला? काम नीट समजून घेतलं की अर्धं राउटिंग गळून पडतं.

भाची : मग दरडीचं काम काय आहे ते बघू. आमच्या पेपरांत नेटवर्कचं आयुष्य मोजतात ते पहिला नोड कधी मेला यावर. दरडीच्या कामात या मापाला अर्थ नाही. आठ महिने उतार कोरडा असतो, तेव्हा दिवसातून एक निरोप आला तरी पुरे. खरी परीक्षा जुलैतल्या चार-सहा रात्रींची. त्या रात्री दाबमापकाचा आकडा पायथ्याशी पोचला की नाही, एवढंच नेटवर्कचं आयुष्य.

मामा : आता तू माझ्या भाषेत बोलायला लागलीस.

भाची : पण याचा निष्कर्ष तुझ्या बाजूचा नाही. शिकणाऱ्या यंत्राला आपण बक्षीस कशाचं देतो त्यावर ते काय शिकतं हे ठरतं. फक्त बॅटरी वाचवण्याचं बक्षीस दिलं तर ते गप्प बसायला शिकेल, कारण न बोलण्याइतकी बचत कशातच नाही. बक्षीस असं हवं की कोरड्या दिवसांत काटकसर आणि मुसळधार रात्री पोचलेल्या प्रत्येक निरोपाला भरपूर मोल. मग ते मे-जूनमध्ये बॅटरी राखून ठेवायला शिकेल. सोलर पॅनेल असलं तरी पावसाळ्यात घाटावर धुकं हटतच नाही, भर पडणार थोडी. किती ऊर्जा येईल, किती लागेल, पाऊस किती वाढतोय, हा हिशेब ठराविक वेळापत्रकाला जमत नाही. शिकणाऱ्याला जमतो.

मामा : हा हिशेब डोंगरावरच्या नोडनं कशाला करायचा? पायथ्याच्या बेस स्टेशनला मोठं पॅनेल आहे, मोठी बॅटरी आहे, मोबाइलची रेंज आहे. सगळ्या नोडांची शिल्लक त्याला कळते. बुद्धी तिथे ठेव. वरचा नोड आज्ञाधारक असू दे.

भाची : लीचच्या मंडळींनीच 2002 मध्ये तशी सुधारणा केली होती. प्रमुख कोण हे बेस स्टेशन ठरवायचं, सगळ्यांची शिल्लक आणि जागा बघून. वाटांची मोठी आखणी पायथ्याशी व्हावी, हे मला मान्य. पण वादळात पायथ्याचा आणि वरचा संपर्क तुटला तर? तेव्हा नोडकडे स्वतःचा छोटा तक्ता हवाच. तो 12, 14, 15 वाला. पुढची आज्ञा येईपर्यंत तेवढ्यावर तो वाट काढेल.

मामा : छोटा तक्ता चालेल, कारण तो वाचता येतो. हा माझा सगळ्यांत मोठा आग्रह आहे. यंत्र गप्प झालं की खालच्या वाडीतला माणूस फोन करतो, ‘साहेब, यंत्राचा दिवा लागत नाही.’ तेव्हा मला वर जाऊन दहा मिनिटांत कारण सापडलं पाहिजे. तक्ता उघडून बघितला आणि 4 चा आकडा 60 झालेला दिसला की मला कळतं, 4 कडे बघायला हवं. हजारो वजनांच्या न्यूरल नेटवर्कमध्ये मी काय वाचणार?

भाची : कबूल. नोडवर जे शिकेल ते वाचता येईल एवढंच असेल.

मामा : आणि दुसरा आग्रह. आपण ज्या रात्रीसाठी हे बसवतोय, ती रात्र त्या यंत्रानं पाहिलेलीच नसेल. एखादा डोंगर सरकतो तो बहुधा त्याच्या सेन्सरच्या आयुष्यात एकदाच. जे घडलेलं नाही ते अनुभवातून कसं शिकणार? म्हणून दाब ठरलेल्या रेषेवर गेला की शिकणं बंद, काटकसर बंद. सगळे नोड जागे, निरोप सगळ्या वाटांनी, पोच मिळेपर्यंत. हा नियम माणसानं लिहायचा आणि यंत्रानं त्याला हात लावायचा नाही.

भाची : हेही कबूल. फक्त एक जोडते. त्या रात्री सगळ्या वाटा खुल्या करायला बॅटरीत काहीतरी शिल्लक असायला हवं. ती शिल्लक उरलेले दिवस हुशारीनं चालवल्यामुळेच राहील. तुझा नियम पाळला जायला माझं शिकणं लागणार आहे.

मामा : आणि तुझं शिकणं खरं की कागदावरचं हे ठरवायला माझी ढिली ग्लँड लागणार आहे. एक पावसाळा वर लावून दाखव, मग बोलू.

वाद इथे थांबवतो. भाचीचं म्हणणं खरं आहे की बदलत्या उतारावर आखून दिलेली वाट पुरत नाही आणि मोजून शिकणं हा काही बडेजाव नाही, तो दोन-चार बाइटांत मावतो. मामांचं म्हणणंही खरं आहे. बॅटरीचा मोठा हिस्सा ऐकण्यात जातो, आणि तो खर्च न धरता केलेली कुठलीही तुलना उतारावर निरुपयोगी ठरते. दोघांचं ऐकल्यावर माझं मत स्पष्ट आहे. आधी झोपेचं वेळापत्रक, मग वाट. मोठी बुद्धी पायथ्याशी, जिथे वीज आहे. नोडवर वाचता येईल एवढंच शिकणं. आणि धोक्याच्या रेषेपलीकडे माणसानं लिहिलेला नियम.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी या विषयावर प्रकल्प होतात, प्रबंध लिहिले जातात. ते करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती आहे. तुमच्या आलेखात रिकामं ऐकण्याचा खर्च धरा. लीचपेक्षा किती फेऱ्या जास्त, हे सांगून थांबू नका. मोजके नोड का होईना, सह्याद्रीच्या एखाद्या उतारावर जून ते सप्टेंबर ठेवा, रोजचे मिलिअँपिअर मोजा, आणि जे बंद पडले ते का बंद पडले तेही छापा. डोंगराखाली राहणाऱ्यांना त्याच माहितीचा उपयोग आहे.